पांढऱ्या शाईचं आकाश

एकोणीसशे चौसष्ट साल. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मला चष्मा लागला आणि त्याच वर्षी मावशी जिन्यावरून पडून तिचा उजवा हात मोडला. दोन्हींचं मला सारखंच दुःख झालं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, आणि त्या वयात चष्मा म्हणजे जन्माचं नुकसान वाटायचं.

मावशी अक्षरं लिहायची. तोच तिचा धंदा. मानपत्रं, पदव्यांचे कागद, पुस्तकांची मुखपृष्ठं, पाथरवटाला दगडात कोरायला द्यायची नावं. एका बुकबाइंडरच्या दुकानावर तिची खोली होती. मोठं टेबल, त्याच्यावर मोठी खिडकी, बरणीत उभे केलेले बोरू, शाई घोटायची पांढरी फरशी आणि शाईच्या डागांनी मूळ रंग विसरलेली फडकी. खालून सतत शिजवलेल्या खळीचा वास यायचा. म्हणून त्या बाइंडरना आम्ही खळमामा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

मी मावशीकडे शिकायला जायचे. म्हणजे उभ्या रेघा आणि आडव्या रेघा काढायचे, आणि बाकी वेळ भांडी धुवायचे. अक्षर अजून हाती लागलं नव्हतं.

मावशीचे यजमान, आमचे काका, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना एकच वेड होतं, आकाशाचं. गच्चीवर त्यांची पितळी दुर्बीण होती, आणि त्या गच्चीवरून वर्षभरात जेवढं आकाश दिसतं तेवढं त्यांनी पेन्सिलीनं एका भल्यामोठ्या कागदावर उतरवून घेतलं होतं. माझ्या आठवणीत तो कागद कायम अर्धवटच होता. दर हिवाळ्यात ते त्यात काहीतरी खोडायचे आणि काहीतरी घालायचे. तो पुरा झाला आणि त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदू होता, कडेकडेनं अंधार आत येत गेला. बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं, म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही, हिवाळा निघाला तरी नशीब समजा.

पांढऱ्या कागदावर त्यांना काही वाचता येईना. उजेडच अक्षरं खाऊन टाकायचा. स्वतःच्याच नकाशासमोर बसून ते म्हणायचे, "धुकं पडलंय नुसतं."

आणि एक दिवस ते धापा टाकत जिना चढून आले. "अगं, मी वाचलं! मी वाचलं!"

"काय वाचलंत?" मावशीनं मान वर न करता विचारलं.

"'जेवायला गेलोय, येतोच.'"

खळमामांच्या दारावर काळी पाटी लटकलेली असायची, तिच्यावर खडूनं लिहिलेलं होतं ते. काळ्यावरचं पांढरं त्यांना दिसत होतं. मावशीनं बोरू खाली ठेवला. त्यानंतर तिनं जे ठरवलं ते कुणाला विचारून ठरवलं नाही. सगळं आकाश काळ्या कागदावर पांढऱ्या शाईनं लिहायचं. ताऱ्यांचे ठिपके तेजाप्रमाणे लहानमोठे, आणि प्रत्येकाचं नाव अंगठ्याएवढ्या अक्षरात. त्यांना दिसतंय तोवर त्यांनी ते एकदा अथपासून इतिपर्यंत वाचायचं.

खळमामांनी जाड काळा कागद जोडून टेबलाएवढा ताव करून दिला. पेन्सिलीचा नकाशा त्याच्यावर ठेवून काकांनी स्वतः, डोळ्याला भिंग लावून, दिसेना तिथं आठवणीनं, एकेका ताऱ्याच्या जागी सुईनं टोचलं. टोचायचं, बोटानं चाचपायचं, पुढे जायचं. त्यात बरेच दिवस गेले. ताव तयार झाला, आणि त्याच आठवड्यात मावशी जिन्यावरून घसरली.

"हाड जुळायला थांबेल कोण?" प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती माझ्यावर खेकसली, जणू मीच तिला ढकललं होतं. "ह्यांचे डोळे थांबतील? बस तू."

"मावशी, मला 'क' सुद्धा नीट येत नाही."

"येईल. माझं तोंड मोडलेलं नाही."

पहिल्या दिवशी शाई निबेला धरेचना. नवी कोरी निब बुडवली की शाईचे थेंब होऊन खाली गळायचे. मी घाबरून दुसरी काढली, मग तिसरी.

"अगं, गंजू नये म्हणून त्यांना तेल लावलेलं असतं. साबणानं धू, राखेनं पूस. नव्या निबेला आधी आंघोळ."

निब सुधारली, तर शाई करडी दिसायला लागली. ओली असताना दुधासारखी आणि वाळली की राखेसारखी. पांढरा रंग वजनदार, तो तळाशी बसतो आणि वरचं पाणी तेवढं निबेत येतं, हे मला कुठलं माहीत! मी बाटली जोरजोरात हलवली. आता अक्षरांत बुडबुडे आले आणि वाळून फुटले, देवी आल्यासारखे व्रण राहिले.

"हलवायची नाही, ढवळायची," मावशी म्हणाली. "औषध आहे का ते?"

मग मी पांढरी पूड चमचाचमचा वाढवत नेली. करडेपणा गेला, पण शाई इतकी दाट झाली की अक्षरं कागदावर उंच उभी राहिली. तावाचा उजवा कोपरा मी असा लिहिला. मावशीनं तिरक्या उजेडात वाकून बघितलं. आयुष्यभर तिचं एकच सांगणं होतं, अक्षर कागदात मुरलं पाहिजे.

"ही अक्षरं नाहीत, फोड आहेत," ती म्हणाली. "राहू दे. सगळं झालं की हा कोपरा खरवडून पुन्हा लिहू."

हळूहळू हात बसला. पाणी किती, डिंक किती, पूड किती, हे मावशी डाव्या हातानं वाटी तिरपी करून दाखवायची. शाई वाटीच्या कडेवरून साईसारखी सावकाश उतरली पाहिजे. धावली तर पसरणार, अडली तर अडकणार. दोनतीन अक्षरांनी ढवळायचं, ओळीगणिक निब धुवायची. आणि एका सकाळी पहिल्यांदा ते झालं. मी 'श्रवण' लिहिलं, आणि शाई निबेच्या टोकातून माझ्या मर्जीनं नव्हे, तिच्या स्वतःच्या मर्जीनं उतरली. काळ्या कागदावर ओलं पांढरं अक्षर खिडकीचा उजेड पोटात घेऊन चमकत होतं. मी श्वास धरून बघत राहिले. ते वाळत गेलं, चमक गेली, आणि नुसतं शुभ्र, सपाट, शांत अक्षर उरलं. आपण हे केलं असं वाटलं नाही. ते आधीच तिथं होतं आणि आपण फक्त त्याच्यावरचा काळोख पुसला, असं वाटलं. आज इतक्या वर्षांनीही शाई नीट उतरली की मला तसंच वाटतं.

काका शेजारी खुर्ची ओढून बसायचे. ओलं अक्षर त्यांना सगळ्यात चांगलं दिसायचं. "लकाकतंय, चष्मिष," म्हणायचे. "अगदी वरच्यासारखं."

पण एक भानगड काही सुटेना. सगळीकडे नीट बसणारी शाई काही जागी कागदावरून पळून जायची. ठिपका दिला की तो मध्ये फाटायचा आणि कडेला गोळा व्हायचा. मावशीनं माझी उलटतपासणी घेतली.

"डोक्याला तेल लावतेस?"

"हो."

"वेणी तावावर पडते. उद्यापासून रुमाल बांधून ये."

मी रुमाल बांधून आले. हाताखाली कागद घेतला. तरी तेच. मावशी डोळे बारीक करून तावाकडे बघत बसली. "रोहिणी, व्याध, अगस्ती, कृत्तिका... ही शाई सगळ्या नामांकित ताऱ्यांवरच का रुसते गं?"

तेवढ्यात काका आत आले. सवयीनं तावावर वाकले आणि रोहिणीच्या जागी बोट ठेवून म्हणाले, "इथपर्यंत आलात का?"

"अहो! बोट उचला!"

काकांनी चटका बसल्यासारखं बोट उचललं. मग मावशी हसायला लागली, ते हसू काही आवरेना. आवडत्या ताऱ्यांवरून त्यांचं बोट दिवसातून कितीदा फिरत असेल कोण जाणे. बोटाचं तेल तिथं मुरलं होतं आणि पाण्याची शाई तेलावर बसत नाही.

"अहो, तुमच्या लाडामुळे पोरीची शाई पळतेय."

"मी फक्त विचारपूस करत होतो त्यांची," काका अपराधी चेहऱ्यानं म्हणाले.

शिळ्या पावाचा मऊ भाग त्या जागांवर चोळून आम्ही तेल काढलं. काकांना तावाला हात लावायची बंदी झाली. ते पाठीमागे हात बांधून, शिक्षा झालेल्या मुलासारखे टेबलाशी उभे राहायचे.

अर्ध्याहून अधिक आकाश लिहून झालं होतं. खिडकीतून कोवळं ऊन थेट टेबलावर आलं होतं, इतकं की माझ्या चष्म्याच्या काचेची सावली तावावर पडली होती. मी 'मघा' लिहिलं. अक्षर ओलं होतं, लखलखत होतं. काका शेजारीच होते. मी वाट बघत होते ते लकाकतंय म्हणण्याची.

ते म्हणाले, "आज पडदा लावलाय का?"

मावशीच्या डाव्या हातातली वाटी होती तिथंच थांबली. ती म्हणाली, "हो. ऊन फार येत होतं," आणि उठून तिनं खरोखरच पडदा लावला.

पण काका काय लहान होते? पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. "असू दे," ते म्हणाले. "होणारच होतं."

त्या आठवड्यात उरलंसुरलंही गेलं. डॉक्टर येऊन गेले, ते काही करण्यासाठी नाही, कळवण्यासाठी. मावशीनं शाईची वाटी धुऊन पालथी घातली. तावावर चादर टाकली. तिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं आणि तेव्हाही दिसली नाही, पण ती बोरूंची बरणी पुन्हा पुन्हा पुसत होती.

काही दिवसांनी मी माझ्या निबा न्यायला गेले. त्याच वेळी मावशीनं खळमामांना वर बोलावलं होतं. काका टेबलाशी त्यांच्या खुर्चीत बसलेले.

"हा ताव घेऊन जा," मावशी म्हणाली. "टेबल मला कामाला लागतं."

खळमामांनी चादर काढली. बडबडा माणूस, पण आज त्यांना विनोद सुचेना. "गुंडाळू का वहिनी?"

"गुंडाळा. पण त्या उजव्या कोपऱ्याकडून नको, पोपडे उडतील. तिथं शाई जाड आहे."

"कुठला कोपरा?" काकांनी विचारलं. खळमामांना मदत म्हणून त्यांनी ताव दाबून धरायला हात पुढे केला. आणि त्यांचं बोट थांबलं.

ते थोडं मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. शिरोरेषा धरून हळूहळू सरकलं, खाली उतरलं, गोल फिरलं, वर आलं.

"चित्रा," काका म्हणाले.



बोट तिथून निघालं. ठिपका शोधला, त्याच्याभोवती फिरलं. मग मधली सपाट जागा ओलांडून वर. "आणि ही स्वाती. बरोबर. एवढंच अंतर." त्यांचा चेहरा छताकडे होता. गच्चीवर दुर्बिणीशी असायचा तसाच, जरा तोंड उघडं राहिलेला. बोट पुढे सरकलं आणि नुसत्या कागदावरून घसरत गेलं. ते परत आलं, पुन्हा घसरलं. "हे काय? इथे का थांबलीस गं, चष्मिष?"

"थांबले नाही काका," मी म्हटलं. "तिथून पुढे मला नीट लिहिता यायला लागलं."

खळमामांनी सूं-सूं करत नाक ओढलं. मग मावशीनं पालथी वाटी सुलटी केली.

"विसर," ती मला म्हणाली. "नीट लिहायचं विसर. बस खाली."

चुकून जे झालं होतं ते मुद्दाम करताना त्या शाईनं आम्हाला किती छळलं! दाट शाई निबेतून उतरेचना, चीर बुजून जायची. मावशीनं निब काढून घेतली आणि रुंद चिरेचा बोरू हातात दिला. मग नुसता दाट थर कोऱ्या कागदावरून खपलीसारखा निघून यायला लागला. शेवटी कळलं की खाली पातळ शाईचा हात असला की वरचा धरतो. म्हणजे ते नीट लिहिलेलं सगळं कामी आलं, पाया म्हणून. डिंक वाढवला तर वाळताना तडे गेले. मावशीनं इवल्या इवल्या डब्यांत निरनिराळी मिश्रणं करून चिठोऱ्यांवर वाळत घातली, आणि नखानं एकेक दाबून बघितली. उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. डिंकात मधाचे थेंब. मधामुळे शाई वाळली तरी कडक होत नाही, तडकत नाही.

"मुंग्या येतील, वहिनी," खळमामा म्हणाले.

"येऊ देत. त्यांनाही आकाश दाखवू."

मी लिहायचे, आणि वाळलं की मावशी डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवायची. "हा 'ण' भरलाय. पोट मोकळं ठेव, बोट आत गेलं पाहिजे." अक्षर डोळ्यांनी कसं दिसतं हे जन्मभर बघितलेली बाई, डोळे मिटून नव्यानं अक्षर शिकत होती. मलाही तिनं डोळे मिटायला लावले. मी मिटले, आणि माझ्याच हातचा 'ध' बोटाखाली डोंगरासारखा उभा राहिला. खळमामाही हौसेनं डोळे मिटून बसले, पण दोरा आणि खळ लागून त्यांची बोटं निबर झालेली. "आमच्या नशिबी ढगाळ हवामान," म्हणाले.

ठिपक्यांवर शाईचे थर चढवले. व्याध सगळ्यात उंच, मसुराच्या दाण्याएवढा. कृत्तिकांचा पुंजका बारीक, मोहरीसारखा.

झालं तेव्हा मावशीचं प्लास्टर निघालं होतं. तिनं काकांना टेबलाशी आणून बसवलं. "आधी साबणानं हात धुवा."

"अगं, आता तरी?"

"धुवा."

ते धुऊन आले. दोन्ही हात कोरडे केले. आणि मग दोन्ही हात, दहाही बोटं, तावावर अलगद ठेवली.

ध्रुवापासून सुरुवात केली त्यांनी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोटं कधी भराभर जायची, कधी एका जागी रेंगाळायची. कृत्तिकांवर ती किती वेळ होती. मी त्या माणसाला आकाश बघताना कितीदा पाहिलं होतं, पण ते तेव्हा फार लांब असायचं. आता ते त्याच्या हाताखाली होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते बघणंही उद्धटपणा वाटून मी खिडकीबाहेर बघायला लागले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. जग नेहमीसारखं चाललं होतं आणि इथं एक माणूस सगळे तारे मोजून घेत होता.

"चष्मिष," त्यांनी एकदम हाक मारली. "अरुंधती इथे नाही."

मी वळले. सप्तर्षींपाशी बोट थांबलेलं. वसिष्ठाजवळ अगदी खेटून असलेली बारीकशी चांदणी ती. नजर चांगली आहे का बघायला लोक तिलाच शोधतात.

"ती वसिष्ठाच्या ह्या बाजूला. तू त्या बाजूला बसवलीस."

"काका, सुईच्या टोचणीवरच दिलाय मी ठिपका."

"बघ."

मी भिंग घेऊन वाकले. माझ्या ठिपक्याखाली टोचणी नव्हतीच, कागदाच्या धाग्याची नुसती एक गाठ होती. खरी टोचणी दुसऱ्या बाजूला, रिकामी, केसाच्या टोकाएवढी. चष्मा लावून, भिंग लावून मला जी दिसली नव्हती.

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं आता खरवडायचं पातं माझ्या हातात देईल आणि चार शब्द ऐकवेल. तिनं पातं स्वतःच घेतलं, त्या ताठरलेल्या उजव्या हातात. तिनं माझी ती चूक अशी काढली, जसं कुणी झोपलेल्या बाळाच्या गालावरचं शीत काढावं. मग बोरू बुडवला आणि अरुंधती तिनं तिच्या जागी ठेवली.

काका वाळेपर्यंत वाट बघत बसले. मग बोट ठेवलं आणि म्हणाले, "हं. आता दिसली."

मावशीचा हात पुढे पुरता वळला नाही. पण ती लिहीत राहिली, जरा तिरपं, आणि लोक त्या तिरप्या अक्षराला तिची नवी शैली म्हणायला लागले. ती त्यांना कधी खरं सांगत नसे. खळमामांनी तावाला खाली फळी आणि वर झाकण करून दिलं. त्यांचं दुकान त्यांच्या जावयानं काही वर्षं चालवलं आणि मग बंद केलं. खळीचा वास मात्र जिन्यात फार वर्षं होता. काका त्यानंतर खूप जगले. रोज संध्याकाळी हात धुऊन त्या फळीशी बसायचे, आणि त्या दिवसांत वर जे उगवत असेल तेच वाचायचे, बाकी नाही. ढग आहेत असं कुणी सांगितलं तर त्या दिवशी झाकण उघडायचे नाहीत. ते गेल्यावर दोन वर्षांनी मावशी गेली.

मी तिचीच खोली चालवली. अजून शिकायला मुली येतात आणि अजून बाटली हलवतात. मी म्हणते, ढवळा गं, औषध आहे का ते?

ताव माझ्याकडे आहे. पांढरं आता पिवळट झालंय, पण मधामुळे एकही तडा नाही, आणि मुंग्याही आल्या नाहीत. फक्त कृत्तिका राहिलेल्या नाहीत. इतकी वर्षं बोट फिरून फिरून त्यांची शाई पुरती झिजली, आणि तिथं काळा कागद गुळगुळीत झालाय. मुली विचारतात, आजी, भरून देऊ का? मी नको म्हणते. तिथं आता तेल इतकं मुरलंय की शाई बसायची नाही.